मलपृष्ठावरचा गृहस्थ

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास ‘सूरपट्टी’ मासिकाचे संपादक सुहास गमरे यांनी डिसेंबर अंकाच्या मलपृष्ठाचं प्रूफ खिडकीशी नेऊन उजेडात धरलं, आणि त्यांना त्यावर आपण स्वतःच हसताना दिसलो. पूर्ण पानभर. उजवा हात पेटीच्या पट्ट्यांवर, डावा भात्यावर, मान किंचित मागे आणि तोंड इतकं उघडं की मागच्या दाढेत भरलेली चांदीसुद्धा छपाईत व्यवस्थित उतरलेली. डोक्यावर निळ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, ‘सहा वर्षं मी नुसतीच बोटं फिरवत होतो. आता मला पुन्हा ऐकू येतं!’ पायाशी बारीक टायपात, ‘एक समाधानी वादक’. आणि त्याच्या खाली ‘श्रवणसखा’ नावाचं कानाचं मशीन, काजूच्या गराएवढं, निळ्या मखमलीवर ठेवलेलं. गमऱ्यांच्या मनात पहिला विचार आला तो असा की फोटो बरा आलाय. त्याची त्यांना लगेच लाज वाटली. मग त्यांना ते हसणं आठवलं. गेल्या वर्षी मासिकाच्या वर्धापनदिनाला ते मंचावर पेटीशी बसले असताना प्रमुख पाहुणे काहीतरी बोलले होते आणि अख्खा हॉल खो खो हसला होता. पाहुणे काय बोलले यातला एक शब्द गमऱ्यांच्या कानापर्यंत पोचला नव्हता, म्हणून ते इतरांपेक्षा थोडं जास्तच हसले होते. न ऐकलेल्या विनोदाला माणूस थोडं जास्तच हसतो. पण सहा वर्षं हा आकडा कुणी दिला? त्यांनी स्वतः कधी मोजलं नव्हतं. आता खिडकीशी उभ्याउभ्याच त्यांनी बोटांवर मोजलं. निवृत्तीचं वर्ष, मग ते आजारपणाचं, मग कोरोनाची दोन... बरोबर सहा भरली. राम आळीतल्या त्या माडीवर कार्तिकातल्या सकाळीही त्यांच्या मानेला घाम सुटला.

म्हणजे कुणालातरी ठाऊक होतं. कुणाला? आपण किती बंदोबस्त ठेवला होता, हे त्यांनी एकेक करून आठवून पाहिलं. कुठेही गेलं की भिंतीला पाठ लावून बसायचं आणि उजवा कान माणसाकडे करायचा. फोनवर नीट कळेनासं झालं की ‘रेंज जातेय’ म्हणून ठेवून द्यायचा. कुणी पाठमोरं बोललं की ‘लिहून दे, हल्ली विसरायला होतं’ म्हणायचं. विसरण्याला लोक हसत नाहीत, उलट आदराने मान हलवतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाद्यपरीक्षण. ‘सूरपट्टी’चं खरं नाव होतं ते त्या सदरामुळे. नवीन पेटी आली की गमरे सर ती आतल्या खोलीत घेऊन जात, दार लावून घेत आणि तासाभराने बाहेर येऊन एकटाकी परीक्षण लिहीत. लोक म्हणत, गमऱ्यांचा कान म्हणजे कान. सावंतवाडीपासून पनवेलपर्यंतच्या भजनी मंडळांनी त्या कानाच्या भरवशावर पेट्या घेतल्या होत्या. अलीकडे दार लावून घेण्याचं कारण वेगळं होतं, पण दार तेच होतं, त्यामुळे कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. असं त्यांना आजवर वाटत आलं होतं.

मासिक सुरू झालं एकोणनव्वद साली. खालचं वाद्यांचं दुकान मलुष्ट्यांचं, वरची माडी मासिकाची. तेव्हा मधल्या पानावर मिरजेच्या तंबोऱ्यांची जाहिरात असे, मागे तबल्यांची, आणि वाचकांमध्ये कॉलेजची पोरं, नमन-खेळ्यांतले मृदंगवाले, मुंबईहून गावच्या मंडळासाठी पेटी धाडायला निघालेले चाकरमानी असे सगळे असत. ‘शंका-समाधान’मध्ये प्रश्न येत की तबल्याची शाई उकलते, काय करावं. आता त्याच सदरात प्रश्न येत की पेटी वाजवताना उजव्या पायाला मुंग्या येतात, काय करावं. तरुण वाचक गेले म्हणजे कुठे भांडून गेले नाहीत. ते फोनवर शिकू लागले आणि फोनला मलपृष्ठ नसतं. राहिलेले वाचक मात्र निष्ठेने राहिले आणि निष्ठेने म्हातारे झाले. त्यांच्यासाठी टाइप दहाचा बारा केला, बाराचा चौदा केला; मजकूर आपोआप निम्म्यावर आला आणि संपादनाचे कष्टही. मासिक आवडेनासं झालं म्हणून वर्गणी बंद केल्याचं एकाही वाचकाने कधी कळवलं नव्हतं. कळवायचे ते मुलगे, आणि कारण एकच असायचं. त्या कारणासाठी ‘विसावा’ नावाचं सदर होतं. पाव कॉलमचं दोन पानांचं झालं तेव्हा मालकांनी, म्हणजे गुरुप्रसाद मलुष्ट्याने, त्याला फोटो फ्रेमवाल्याचं प्रायोजकत्व मिळवून दिलं.

गुरुप्रसादला नावं ठेवण्यात अर्थ नव्हता. बाप गेल्यावर त्यानेच मासिक जगवलं होतं. फक्त आधी लेख आणि मग त्याच्या शेजारी जाहिरात, हा क्रम कधीतरी उलटा झाला, आणि तो नेमका कुठल्या अंकात झाला हे गमऱ्यांना आता सांगता आलं नसतं. गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात आली तेव्हा त्यांनी ‘खुर्चीवर बसून वादन : एक चिंतन’ लिहिलं. पोट साफ ठेवणाऱ्या चूर्णाची आली तेव्हा ‘आहार आणि आलाप’ लिहिलं, आणि तो लेख चांगला झाला म्हणून सात वाचकांची पत्रं आली, हे त्यांना जास्त लागलं. परीक्षणांची तर एक भाषाच तयार झाली होती. जी पेटी परीक्षणाला येई तिच्या कारखानदाराची जाहिरात आतल्या पानावर असेच, तेव्हा वाईट लिहायचं नाही हे न बोलता ठरलेलं. भात्यातून हवा गळत असेल तर ‘मोकळा श्वास असलेली पेटी’. पट्ट्या जड असतील तर ‘तयार हाताला शोभेल अशी’. रंग भडक असेल तर ‘मंचावर लांबून उठून दिसते’. यात आपण खोटं बोलतो असं गमऱ्यांना कधी वाटलं नाही. ऐकलेलं सगळं लिहायचं नाही, एवढंच ते करत होते. पण निदान तेव्हा ते ऐकलेलं तरी असायचं.

“सर, बघितलंत?” गुरुप्रसाद जिना चढून कधी वर आला ते कळलंच नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांचा हा माणूस एकेकाळी नववी ब मध्ये गमऱ्यांच्या मराठीच्या तासाला शेवटच्या बाकावर बसायचा, आणि अजूनही त्यांच्यासमोर खुर्चीत बसताना आधी क्षणभर थांबायचा.

“हा मी आहे,” गमरे म्हणाले.

“हो ना! झकास आलाय.”

“मला विचारलं नाहीस.”

“अहो सर, कंपनीने मुंबईहून मॉडेलचा फोटो पाठवला होता. पांढरी दाढी, रेशमी कुडता, सगळं ठीक. पण बाबा पेटी उलटी घेऊन बसलाय. भाता पोटाकडे! आपले वाचक पत्रं लिहून लिहून जीव घेतील. म्हटलं त्यापेक्षा आपलाच माणूस घालू. तुमचा चेहरा म्हणजे भरवसा आहे, सर.”

हे सगळं खोटं आहे असं म्हणायचं गमऱ्यांच्या ओठांवर आलं होतं. पण तसं म्हटल्यावर गुरुप्रसादने नुसतं ‘हो का?’ एवढं जरी विचारलं असतं तरी पुढे काय बोलायचं? म्हणून त्यांनी भलतंच विचारलं. “सहाच वर्षं का? पाच का नाहीत?”

“ते कंपनीचं आहे. त्यांनी पाहणी केली म्हणे. माणूस सरासरी सहा वर्षं लपवतो.” गुरुप्रसादने हे अगदी निर्मळ चेहऱ्याने सांगितलं. त्या चेहऱ्यावर काही सापडतं का ते गमऱ्यांनी शोधून पाहिलं. नववीतही त्यावर कधी काही सापडत नसे. “उद्या मारुती मंदिरच्या त्यांच्या सेंटरला जाऊन या, सर. कानात मशीन असलेला एक फोटो हवाय त्यांना. दहा मिनिटांचं काम.” मग तो जिन्याकडे वळला आणि पाठमोरा आणखी काहीतरी बोलला. गमऱ्यांनी मान हलवली आणि हसले.

दुपारी घरी आल्यावर त्यांनी प्रूफ जेवणाच्या टेबलावर ठेवलं. सावित्री बांगड्यांना मीठ-मसाला लावत होती. सिव्हिलमध्ये अठ्ठावीस वर्षं नर्स म्हणून काढल्यामुळे ती कुठलीही गोष्ट आधी लांबून बघायची. तिने लांबून बघितलं. “अय्या, छान आलाय. कधी घेतलंत मशीन?”

“घेतलं नाही. जाहिरात आहे ती.”

“मग घ्या.”

“मला ऐकू येतं, सावित्री.”

तिने तव्यावर बांगडा सोडला आणि मागे न वळता काहीतरी म्हटलं. तेल तडतडत असणार. तडतडण्याचा आवाज नेमका केव्हापासून यायचा थांबलाय असा एक विचार त्यांच्या मनात डोकावला आणि त्यांनी तो बाहेर घालवला. “काय म्हणालीस?”

ती वळली, हात धुतले, पदराला पुसले, आणि खालच्या मजल्यापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, “म्हटलं, चार वर्षं मी ओरडून बोलत्ये! परवा खालच्या सकपाळ वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं, तुमचं दोघांचं बरं चाललंय ना म्हणून!”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं. दोनदा. तुम्हाला ऐकू नाही आलं.”

दुसऱ्या दिवशी मारुती मंदिरच्या सर्कलजवळच्या त्या केंद्रात मनाली नावाची तिशीतली, शांत चेहऱ्याची श्रवणतज्ज्ञ बसली होती. तिने गमऱ्यांना काचेच्या बंद खोलीत नेलं. “फोटो?” गमरे म्हणाले. “फोटो नंतर, सर. आधी टेस्ट. मलुष्टे म्हणाले, तुम्ही कालच हो म्हणालात.” तेव्हा जिन्यापाशी केलेलं ते मान हलवणं कशासाठी होती ते त्यांना समजलं. तिने त्यांच्या कानांवर जाडजूड हेडफोन चढवला, हातात एक बटण दिलं आणि सांगितलं की सूर ऐकू आला की दाबायचं. गमऱ्यांनी पस्तीस वर्षं मुलांना परीक्षेत कॉपी करताना पकडलं होतं, त्यामुळे त्यातलं सगळं त्यांना येत होतं. मनालीचा हात समोरच्या काचेत उमटत होता. तिचं बोट हललं की ते बटण दाबत. पाच-सहा वेळा उत्तम जमलं. मग ती थांबली, त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, “सर, डोळे मिटा.” मिटलेल्या डोळ्यांआड आधी काहीच नव्हतं. मग कुठूनतरी एक बारीक सूर आला, स्वच्छ, दुरून आल्यासारखा, आणि त्यांनी बटण दाबलं. पुन्हा एक आला. पुन्हा दाबलं. परीक्षा चांगली चाललीय असं वाटून त्यांना बरं वाटत होतं. हेडफोन काढल्यावर मनालीने कागद पुढे केला. त्यावरची रेघ थिबा पॅलेसच्या टेकडीवरून खाडीकडे उतरावं तशी डावीकडून उजवीकडे घसरत गेली होती. “वरचे सूर जवळजवळ नाहीत, सर. आणि एक गंमत सांगू? मी वाजवले नाहीत तेव्हाही तुम्ही बटण दाबत होतात. न वाजलेलेही तुम्हाला ऐकू येतायत.” तिने ते गमतीने सांगितलं, पण गमऱ्यांना कुणीतरी थंड हात मानेवर ठेवावा तसं झालं.

मग तिने ते काजूच्या गराएवढं यंत्र त्यांच्या उजव्या कानामागे बसवलं. पहिल्यांदा आली ती तिची बांगडी. मग एसी, मग कागद, मग स्वतःच्या सदऱ्याची कॉलर मानेला घासल्याचा आवाज, मग आवंढा. स्वतःचा आवंढा इतक्या मोठ्याने गिळला जातो आणि आजवर लोकांनी तो सभ्यपणे ऐकून घेतला, या विचाराने त्यांना ओशाळल्यासारखं झालं. “कसं वाटतंय?” मनालीने विचारलं. “तुम्ही हळू बोला,” गमरे म्हणाले, आणि मग दोघंही हसली. फोटो काढून झाला, आणि यंत्र मनालीने त्यांच्या कानातच राहू दिलं. बाहेर आल्यावर रिक्षा, स्कूटर, चहाच्या टपरीवरची बशी, कुणाच्यातरी चपलेचा तुटका पट्टा, सगळंच एकदम अंगावर आलं. एवढं बडबडणारं गाव होतं हे? सहा वर्षांत या गावाने आपल्याला किती गोष्टी सांगितल्या असतील, आणि आपण हसून मान हलवत राहिलो.

ते थेट दुकानात गेले. मासिकाच्या ऑक्टोबर अंकात त्यांनी ‘चैतन्य वाद्यालय’ या सावर्ड्याच्या कारखान्याच्या नव्या पेटीचं परीक्षण लिहिलं होतं. ‘तिन्ही सप्तकांत निर्दोष’ हे त्यातले शब्द, आणि कारखान्याने तेच शब्द उचलून आतल्या पानावरच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत घातले होते. तीच पेटी काउंटरशेजारी मांडलेली होती. गमरे खाली बसले, भाता सोडला आणि खर्जापासून चढत निघाले. मंद्र भरदार. मध्य सप्तक गोड, खरोखर गोड. तार षड्ज लागला, ऋषभ लागला. गंधारावर बोट ठेवलं आणि पेटीतून नुसती हवा आली. फुस्स. त्यांनी पुन्हा दाबलं. फुस्स. कानामागचं यंत्र काढून त्यांनी पुन्हा दाबलं, आणि गंधार आला. अगदी स्पष्ट, मऊ, किंचित कापणारा. यंत्र लावलं, हवा. काढलं, गंधार. हा गंधार त्यांच्या ओळखीचा होता. त्यांचे वडील, गंगाराम गमरे, मुंबईला गोदीत कामाला होते आणि वर्षातून दोनदा गावी आले की वाडीतल्या समाजमंदिरासमोर चटई टाकून पेटी घेऊन बसत. जयंतीच्या आधीचे आठ दिवस तर वाडी झोपायचीच ती त्या पेटीच्या सुरात. वडिलांना रागांची नावं माहीत नव्हती. ते गाणं संपवताना वर तार गंधाराला जात आणि तिथे बोट ठेवून भात्यातली हवा संपेपर्यंत थांबत. सात-आठ वर्षांचा सुहास श्वास रोखून बघत राही की आधी कोण संपतं, हवा का आपण. तोच सूर होता हा. म्हणजे गेली सहा वर्षं बंद दाराआड ते पेट्या वाजवत होते आणि ऐकत होते ते वडिलांना, आणि अडतीस कारखानदारांना त्याची प्रशस्तिपत्रकं लिहून देत होते. त्यांना हसू आलं. मग डोळ्यांत पाणी आलं, आणि काउंटरवर गुरुप्रसाद असल्यामुळे त्यांनी पुन्हा हसून घेतलं.

“गुरुप्रसाद, हे ऐक.” त्यांनी पट्टी दाबली. “ऐकलंस?”

“काय?”

“काहीच नाही ना?”

“काहीच नाही.”

“मग?”

“मला वाटलं तसंच असतं,” गुरुप्रसाद म्हणाला. तीन पिढ्या वाद्यं विकणाऱ्या घरातला हा माणूस; पण पेटी विकायला कान लागत नाही हे त्याच्या आजोबांनीच ओळखलं असणार.

“ही पेटी मुकी आहे. मी निर्दोष लिहिलंय. दुरुस्ती छापायची.”

गुरुप्रसाद काउंटरमागून बाहेर आला आणि आधी क्षणभर थांबून मग स्टुलावर बसला. “सर, चैतन्यवाले दर महिन्याचं आतलं पान घेतात. या पेट्या दिवाळीत दुकानातून अकरा गेल्या. एकाचीही तक्रार नाही. एकाचीही, सर! मंडणगडच्या एका आजोबांनी तर फोन करून सांगितलं, गंधार काय सुरेख आहे म्हणून.”

गमऱ्यांना दुकानातलं भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं. ते चालू असतं हे त्यांना माहीत नव्हतं.

“आपल्या वाचकांचं सरासरी वय किती रे?” त्यांनी विचारलं.

“एकाहत्तर.”

“म्हणजे त्यांनाही त्यांचा त्यांचा गंधार ऐकू येतोय.”

“मग बिघडलं कुठे?” गुरुप्रसाद म्हणाला, आणि तो हे चेष्टेने म्हणत नव्हता. “कुणाला त्रास नाही. तुम्ही दुरुस्ती छापलीत तर अकरा म्हाताऱ्यांना कळणार की आपली पेटी मुकी आणि आपण बहिरे. कशाला, सर?”

गमऱ्यांनी पुन्हा गंधारावर बोट ठेवलं. समोर पट्टीखाली ती मुकी जागा होती आणि बाहेर गावात माणसं आपापल्या घरी तिच्यावर बोट ठेवून समाधानाने डोळे मिटत होती. गुरुप्रसाद म्हणत होता त्यात दयाच होती, हे त्यांना कळत होतं. पण असल्याच दयेतून आपण ‘मोकळा श्वास’ लिहिलं, ‘तयार हाताला’ लिहिलं, आणि ती दया शेवटी कुणाच्या कामी आली? त्यांनी एवढंच म्हटलं, “माझा फोटो मलपृष्ठावर हवा असेल तर माझी दुरुस्ती आत हवी. आणि फोटोखाली ‘एक समाधानी वादक’ नको. माझं नाव घाल. सुहास गंगाराम गमरे.”

“पूर्ण नाव? सर, गावभर होईल.”

“गावाला माहीत आहे. मलाच उशिरा कळलं.”

गुरुप्रसादने डोक्यावरून हात फिरवला, दोन्ही जाहिराती मनात तोलल्या असाव्यात, आणि म्हणाला, “बरं. छापू. पण एकदा कारखान्यात जाऊन बघून या. एकच पेटी बिघडलेली असेल तर उगाच बोंब नको.”

शुक्रवारी सकाळच्या एसटीने ते सावर्ड्याला निघाले. गाडीच्या प्रत्येक पत्र्याचा आणि प्रत्येक खिळ्याचा वेगळा आवाज होता. संगमेश्वर येईपर्यंत त्यांनी दोनदा यंत्र काढून खिशात ठेवलं आणि दोन्ही वेळा, शेजारचा प्रवासी काय बोलतोय हे कळेना म्हणून परत लावलं. तो प्रवासी रस्त्याच्या चौपदरीकरणाविषयी बोलत होता आणि ते न ऐकलं असतं तरी चाललं असतं. दुरुस्तीचा मजकूर ते मनात जुळवत होते. ‘ऑक्टोबरच्या अंकात अनवधानाने’ खोटं होतं. ‘तांत्रिक कारणामुळे’ तर आणखीच खोटं. सावर्डे आलं तरी पहिलं वाक्य सापडलं नव्हतं.

कारखाना म्हणजे बाजारपेठेच्या मागच्या बाजूला पत्र्याची एक लांब शेड होती. मालक चिपळूणला गेले होते. आत सागाच्या भुशाचा वास, भिंतीला लावलेली कातडी, आणि अगदी टोकाला उजेडाच्या झोतात एका पोत्यावर धाकू मेस्त्री बसलेले. पितळी सूर कानशीने घासून जुळवण्याचं काम या कारखान्यात पहिल्यापासून त्यांचंच. वय पंचाहत्तरच्या पुढे, अंगात बंडी, कानावर पेन्सिल. गमऱ्यांना त्यांनी ओळखलं, हात जोडले. “या गुरुजी. तुमी लिवलात त्ये मालकांनी वाचून दाखवला. निर्दोष! आमच्या म्हातारीला पन वाचून दाखवला.”

गमरे खाली बसले. “धाकूदादा, तयार पेट्या आहेत का? बघू म्हटलं.”

चार होत्या. चारही पेट्यांवर गमऱ्यांनी तार गंधार दाबला. चारही वेळा हवा आली. धाकू मेस्त्री शेजारी बसून प्रत्येक वेळी मान डोलवत होते, डोळे अर्धे मिटून, चेहऱ्यावर केलेल्या कामाचं समाधान. “गोड लागलाय ना? ह्यो सूर जुळवाया लय कठीन. पन माजा हात तयार हाय.” गमरे त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. या माणसाच्या कानात कुणाचा सूर वाजत असेल? बापाचा, गुरूचा, की पहिल्या बनवलेल्या पेटीचा? सूर घडवणारा, त्याला निर्दोष म्हणणारा, जाहिरात करणारा, विकत घेणारा आणि मंडणगडहून फोन करणारा, अशी ही सगळी रांग. आणि त्या एका गंधारासाठी या रांगेत कुणाचाच कान उरला नव्हता. काही न बोलता निघून जावं असं त्यांना फार वाटलं. ‘मेस्त्री, काम छान आहे’ म्हणायचं, चहा घ्यायचा, बाराची एसटी पकडायची. हे करणं त्यांना इतक्या वर्षांच्या सवयीने इतकं सोपं होतं की वाक्य तोंडात तयारच झालं होतं. ते त्यांनी आवंढ्याबरोबर गिळलं, आणि आवंढा पुन्हा मोठ्याने ऐकू आला. मग त्यांनी कानामागचं यंत्र काढलं, सदऱ्याच्या टोकाने पुसलं आणि पुढे धरलं. “धाकूदादा, हे जरा कानात घाला.”

“ह्ये काय हाय?”

“घाला तर.”

मेस्त्र्यांनी पेन्सिल काढून खाली ठेवली. गमऱ्यांनी स्वतःच्या हाताने ते त्यांच्या कानामागे बसवलं. कान गरम होता, त्यात भुशाचे कण होते. मेस्त्री एकदम दचकले, पत्र्याकडे बघितलं, मग शेडच्या दाराकडे, जिथे कुणीही नव्हतं. मग त्यांनी पेटी ओढली आणि खालून वर सरसर बोट फिरवत नेलं. गंधारावर ते थांबलं. पुन्हा दाबलं. पुन्हा. चेहऱ्यावरचं समाधान हळूहळू उतरत गेलं आणि तिथे एक मोठं, लहान पोराचं असतं तसं नवल आलं. त्यांचे ओठ हलले. गमऱ्यांना शब्द ऐकू आले नाहीत, पण ओठांवरून कळले. ह्यो वाजतच नाय.

आता मेस्त्री रडतील, किंवा आपल्याला शिव्या देऊन उठतील, असं गमऱ्यांना वाटलं. पण त्यांनी पेटीचं वरचं फळकूट उचकटलं, तो सूर बाहेर काढला, पितळेची ती बारीक जीभ उजेडाला धरली, नखाने उचलून बघितली, कानस घेतली आणि कामाला लागले. भुसा आणि पितळेची पूड त्या उजेडात चमकत होती. गमऱ्यांना कानशीचा आवाज येत नव्हता; नुसता हात पुढे-मागे होताना दिसत होता, आणि ते दिसणं त्यांना पुरत होतं. थोड्या वेळाने मेस्त्र्यांनी सूर परत जागी बसवला, भाता मारला, पट्टी दाबली आणि गमऱ्यांकडे बघून मोठ्याने विचारलं, “लागला काय, गुरुजी?”

गमऱ्यांना गंधार ऐकू आला. मऊ, किंचित कापणारा, भात्यातली हवा संपेपर्यंत टिकणारा. तो बाहेरून आला की आतून, हे सांगायला काही मार्ग नव्हता.

“मला ऐकू येत नाही, धाकूदादा,” ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच हे वाक्य त्यांनी मोठ्याने उच्चारलं, आणि उच्चारल्यावर त्यांना दुरुस्तीची पहिली ओळ सापडली. “यंत्र तुमच्या कानात आहे. तुम्हीच सांगा.”

मेस्त्र्यांनी मान तिरपी केली, डोळे मिटले आणि पट्टीवर बोट ठेवून बराच वेळ ऐकत राहिले. मग डोळे उघडले.

“नाय,” ते म्हणाले. “अजून जरा.” आणि त्यांनी कानस पुन्हा उचलली.